‘कॉन’ नावाचं फोल्डर का बनत नाही? आणि त्याचा जासईच्या वजनकाट्याशी काय संबंध?

ऑर्कुटच्या काळापासून फिरत असलेला एक मेसेज आजही अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. मेसेजचा सूर असा, की कॉम्प्युटरवर ‘कॉन’ नावाचं फोल्डर कुणालाच बनवता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला आणि असं का होतं याचं उत्तर मायक्रोसॉफ्टच्या अख्ख्या टीमलाही देता आलं नाही. खाली ‘करून बघा आणि दहा जणांना पाठवा’ हे ठरलेलं असतंच.

करून बघितलं तर पहिला भाग खरा निघतो. विंडोजमध्ये नवीन फोल्डर तयार करा आणि त्याला सी, ओ, एन या तीन इंग्रजी अक्षरांचं नाव द्या. कॉम्प्युटर नकार देतो.

दुसरा भाग मात्र निव्वळ थाप आहे. यात गूढ काही नाही. मायक्रोसॉफ्टने याचं कारण आपल्या अधिकृत माहितीत केव्हाचं लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे ज्या नियमामुळे हे फोल्डर बनत नाही, त्याच नियमांच्या कुटुंबातला एक सदस्य बंदराच्या वाटेवरच्या एखाद्या वजनकाट्याचं काम मध्यरात्री थांबवू शकतो.

हे नेमकं काय प्रकरण आहे आणि त्यावर उपाय काय, ते समजून घेऊया.

‘कॉन’ म्हणजे काय?

फोल्डरला हे नाव दिल्यावर विंडोज जो संदेश दाखवतो, त्यातच उत्तर आहे. ‘दिलेलं डिव्हाइसचं नाव चालणार नाही’ अशा अर्थाचा तो संदेश असतो. आपण फोल्डर बनवत होतो, मग हे डिव्हाइस मध्येच कुठून आलं?

‘कॉन’ हे ‘कन्सोल’ या शब्दाचं छोटं रूप. कन्सोल म्हणजे कीबोर्ड आणि स्क्रीनची जोडी. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ‘कॉन’ हे एका उपकरणाचं नाव आहे आणि ते आधीच दिलं गेलंय.

यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९८० मध्ये टिम पॅटरसन यांनी सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीसाठी ८६-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीसोबत ती बाजारात आली. हीच पुढे एमएस-डॉस म्हणून ओळखली गेली. त्याआधी लोकप्रिय असलेल्या सीपी/एम या सिस्टीममध्ये उपकरणांना छोटी नावं देण्याची पद्धत होती. डॉसने ती उचलली.

पद्धत सोयीची होती. फाइल जशी नावाने उघडते, तसंच उपकरणही नावाने उघडायचं. एखादी फाइल ‘पीआरएन’ या नावावर कॉपी केली की ती थेट प्रिंटरवर छापून यायची. ‘एनयूएल’ वर पाठवलं की काहीच व्हायचं नाही, कारण ते नाव म्हणजे माहितीची कचरापेटी. ज्यांनी नव्वदच्या दशकात डॉस शिकलं, त्यांना ‘कॉपी कॉन’ ही आज्ञा नक्की आठवत असेल. तिचा अर्थ इतकाच, की कीबोर्डवर जे टाइप होईल ते फाइलमध्ये उतरव.

डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर हा प्रकारच नव्हता. सगळ्या फाइल्स एकाच ठिकाणी असायच्या. त्यामुळे उपकरणांची नावं राखून ठेवली तरी अडचण नव्हती. १९८३ मध्ये एमएस-डॉस २.० आलं आणि त्यात फोल्डर आले. आता प्रश्न उभा राहिला. जुने प्रोग्राम ‘पीआरएन’ या नावावर छापायला सांगत होते, मग ते कोणत्याही फोल्डरमधून चालले तरी प्रिंटर सापडायला हवा. जुनं काही बिघडू नये म्हणून ठरलं, की ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये अस्तित्वात आहेत असंच समजायचं.

तोच निर्णय विंडोजने पुढे चालवला. म्हणून तुम्ही कुठेही ‘कॉन’ बनवायला गेलात, तरी सिस्टीमच्या मते ते नाव तिथे आधीच आहे.

आणखी कोणती नावं चालत नाहीत?

यादी मोठी नाही. कॉन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, त्यानंतर कॉम १ ते कॉम ९ आणि एलपीटी १ ते एलपीटी ९. एलपीटी म्हणजे जुन्या प्रिंटरचा पोर्ट. कॉम म्हणजे सिरियल पोर्ट, ज्यातून माहिती एकामागून एक अशा क्रमाने जाते. अक्षरं मोठी लिहा किंवा छोटी, विंडोजला फरक पडत नाही.

आता हेच नाव देवनागरीत टाइप करून पाहा. ‘कॉन’ नावाचं फोल्डर विनातक्रार तयार होईल. बंदी इंग्रजीतल्या त्या ठरावीक अक्षरांवर आहे, उच्चारावर नाही.

फोल्डरचं नाव बदलून भागतं. पण यादीतल्या ‘कॉम’ या नावावर अनेकांचं रोजचं काम चालतं. तिथे नाव चुकलं की भुर्दंड बसतो.

जासईत हे नाव कुठे लागतं?

उरण तालुक्यातलं जासई हे दि. बा. पाटील यांचं गाव. सिडकोच्या भूसंपादनाविरोधात १९८४ मध्ये झालेल्या शेतकरी आंदोलनासाठी ते महाराष्ट्रभर ओळखलं जातं. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि या भागाचं रूप बदललं. गव्हाण फाट्यावरून बंदराकडे जाताना आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंटेनर यार्ड, गोदामं, ट्रेलरच्या रांगा आणि वजनकाटे दिसतात.

हे काटे केवळ भाडं ठरवण्यासाठी नाहीत. १ जुलै २०१६ पासून ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारानुसार निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन देणं बंधनकारक आहे. या वजनाला ‘व्हीजीएम’ म्हणतात. ते नसेल तर कंटेनर जहाजावर चढवता येत नाही.

नियमामागे कारण आहे. २००७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर नेऊन टेकवाव्या लागलेल्या ‘एमएससी नापोली’ या जहाजाच्या चौकशीत डेकवरचे कोरडे राहिलेले ६६० कंटेनर मोजले गेले. त्यातल्या १३७ कंटेनरचं खरं वजन आणि कागदावरचं वजन यांत ३ टनांहून जास्त फरक निघाला. चुकीच्या वजनावर जहाजाचा तोल ठरवला जात असेल, तर धोका किती मोठा असू शकतो हे यातून दिसतं.

आता वजनकाट्याच्या केबिनमध्ये काय असतं ते पाहू. रस्त्याच्या पातळीवर लोखंडी प्लॅटफॉर्म असतो. त्याच्याखाली लोडसेल असतात, जे दाबाचं रूपांतर विजेच्या बारीक संकेतात करतात. केबिनमधला इंडिकेटर ते संकेत वाचून लाल अंकांत वजन दाखवतो. इंडिकेटरमधून एक केबल कॉम्प्युटरला जाते आणि सॉफ्टवेअर ते वजन उचलून पावती छापतं.

ही केबल बहुतेक वेळा आरएस-२३२ प्रकारची असते. हे मानक १९६० सालचं आहे आणि यंत्रांच्या दुनियेत अजून टिकून आहे. नव्या कॉम्प्युटरला मात्र तो नऊ पिनांचा पोर्ट सहसा नसतो. म्हणून मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावतात. त्याच्या एका टोकाला सिरियल आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असतो. विंडोज या कन्व्हर्टरला एक नाव देतो, समजा कॉम ३. सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेलं असतं, की वजन कॉम ३ वरून घ्यायचं.

कॉम ३ चं अचानक कॉम ७ कसं होतं?

समजा रात्रपाळीच्या ऑपरेटरने माउस बदलला. वायर काढताना कन्व्हर्टरही निघाला आणि त्याने तो शेजारच्या यूएसबी खाचेत लावला. इंडिकेटरवर वजन बरोबर दिसतंय, पण कॉम्प्युटरवर शून्य. बाहेर ट्रेलरची रांग वाढतेय आणि ड्रायव्हर खिडकीशी येऊन विचारतोय, “दादा, पावती?”

केबल तीच, कन्व्हर्टर तोच, काटाही तोच. मग बदललं काय? नाव.

दवाखान्यात गेल्यावर मिळणारा नंबर आणि आपला आधार क्रमांक यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. दवाखान्यातला नंबर आलेल्या क्रमाने मिळतो. उद्या गेलात तर दुसरा मिळेल. आधार क्रमांक मात्र माणसाला चिकटलेला असतो.

चांगल्या कन्व्हर्टरच्या चिपमध्ये कारखान्यातच एक स्वतंत्र अनुक्रमांक घातलेला असतो. तो असेल तर कोणत्याही खाचेत लावला तरी विंडोज उपकरण ओळखतो आणि जुनंच नाव देतो. एफटीडीआय कंपनीच्या चिपमध्ये सहसा असा क्रमांक असतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये सर्रास दिसणाऱ्या सीएच-३४० सारख्या चिपमध्ये तो सहसा नसतो.

अनुक्रमांक नसेल तर विंडोजकडे ओळखीची एकच खूण उरते. ती म्हणजे उपकरण कोणत्या खाचेत लावलंय. खाच बदलली की त्याला ते नवं उपकरण वाटतं. तो त्याला पुढचा मोकळा कॉम क्रमांक देतो आणि जुना क्रमांक जुन्या खाचेच्या नावाने राखून ठेवतो. सॉफ्टवेअर बिचारं कॉम ३ च्या दारात वाट बघत बसतं, वजन मात्र कॉम ७ वर येत असतं.

बऱ्याचदा अशा वेळी पहिला फोन काटा दुरुस्त करणाऱ्याला जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली ही गत.

मग करायचं काय?

खालच्या मेन्यूंची नावं देवनागरीत दिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.

१. आधी इंडिकेटर बघा. त्यावर वजन बरोबर दिसत असेल तर काट्याला हात लावू नका. इंडिकेटरचं सील तर अजिबात तोडू नका. काट्याची पडताळणी वैधमापन शास्त्र यंत्रणेने केलेली असते आणि कॉम क्रमांकाशी तिचा संबंध नाही.

२. कन्व्हर्टर पूर्वीच्या खाचेत परत लावा. जुन्या खाचेसाठी जुनं नाव राखलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम भागतं.

३. नाही भागलं, तर सॉफ्टवेअर बंद करा. एका कॉम पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम बसू शकतो. दुसऱ्या प्रोग्रामने तो अडवून ठेवला असेल तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असा संदेश येतो. ही नावाची चूक नव्हे.

४. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. त्यात ‘पोर्ट्स’ या गटाखाली सगळे कॉम पोर्ट दिसतात. आपला कोणता ते ओळखायचं असेल तर कन्व्हर्टर काढा. यादीतून जी ओळ गायब होईल आणि परत लावल्यावर येईल, ती आपली. ओळीवर पिवळा त्रिकोण असेल तर दोष नावात नसून ड्रायव्हरमध्ये आहे. आधी तो बसवा.

५. आता दोन रस्ते आहेत. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नवा क्रमांक टाका. नाहीतर उपकरणालाच जुना क्रमांक द्या. त्यासाठी त्या ओळीवर डबल क्लिक, मग ‘पोर्ट सेटिंग्ज’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि ‘कॉम पोर्ट नंबर’. हवा तो क्रमांक निवडा आणि कन्व्हर्टर एकदा काढून लावा.

६. जुन्या क्रमांकासमोर ‘इन यूज’ असं दिसतंय, पण प्रत्यक्षात तिथे काहीच जोडलेलं नाही? मग ते आता नसलेल्या उपकरणाचं उरलेलं नाव आहे. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. जी ओळ फिकट दिसते ती सध्या न जोडलेल्या उपकरणाची. खात्री करून तीच अनइन्स्टॉल करा, म्हणजे क्रमांक मोकळा होतो.

७. पोर्ट बरोबर आहे, पण वजनाऐवजी विचित्र चिन्हं येतायत? हा घोळ नावाचा नसून वेगाचा आहे. इंडिकेटर ज्या बॉड रेटने, म्हणजे ज्या गतीने माहिती पाठवतो, तीच गती सॉफ्टवेअरमध्ये असायला हवी.

या सगळ्यात एक गोष्ट टाळायला हवी. रांग वाढली म्हणून इंडिकेटरवरचा आकडा बघून वजन हाताने टाइप करण्याचा मोह होतो. २८,४५० चं २४,८५० व्हायला एक डुलकी पुरते आणि ते ३,६०० किलो पुढे जहाजापर्यंत चुकीचेच जातात.

नऊच्या पुढे काय होतं?

राखीव नावांची यादी कॉम ९ वर थांबते, हे आपण पाहिलं. विंडोज मात्र २५६ पर्यंत कॉम क्रमांक देऊ शकतो. कन्व्हर्टर वेगवेगळ्या खाचांत फिरत राहिला तर क्रमांक वाढत वाढत दहाच्या पुढे जातो आणि तिथे नवंच दुखणं सुरू होतं.

कॉम १ ते कॉम ९ ही नावं विंडोज थेट ओळखतो. कॉम १० पासून पुढे प्रोग्रामला नावाच्या आधी एक खास उपसर्ग लावावा लागतो. तो न लावणारी जुनी सॉफ्टवेअर कॉम १० समोर असूनही ‘पोर्ट सापडत नाही’ म्हणतात. काही सॉफ्टवेअरच्या यादीत तर नऊच्या पुढचा पर्यायच नसतो. उपाय तोच. वर सांगितल्याप्रमाणे उपकरणाला नऊच्या आतला मोकळा क्रमांक द्या.

पेनड्राइव्हचं अक्षर का बदलतं?

घरच्या कॉम्प्युटरवर हाच प्रकार वेगळ्या रूपात दिसतो. काल ‘ई’ असलेला पेनड्राइव्ह आज ‘एफ’ होतो, कारण ‘ई’ आधीच कार्ड रीडरने घेतलेलं असतं. दुकानाच्या हिशोबाचं बॅकअप रोज ‘ई’ वर जाईल असं लावलेलं असेल, तर ते गपचूप बंद पडू शकतं. हे लक्षात येतं ते नेमकं बॅकअप लागतं त्या दिवशी.

यासाठी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा आणि शेवटाकडचं अक्षर द्या, उदाहरणार्थ ‘आर’ किंवा ‘एस’. विंडोज नव्या ड्राइव्हला सहसा सुरुवातीकडची मोकळी अक्षरं देतो, त्यामुळे शेवटच्या अक्षरांवर गर्दी होत नाही.

लिनक्सवर काय करतात?

लिनक्समध्येही उपकरणं सापडतील त्या क्रमाने नावं मिळतात. पहिला कन्व्हर्टर ‘टीटीवाय-यूएसबी-०’, दुसरा ‘टीटीवाय-यूएसबी-१’. दोन काटे एकाच कॉम्प्युटरला असतील, तर लाइट जाऊन आल्यावर त्यांची अदलाबदल होऊ शकते.

यावर २००३ मध्ये ‘यू-डेव्ह’ हा उपाय आला. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची सुरुवात केली. यात नावाचे नियम आपणच लिहायचे. ‘ज्या उपकरणाचा कंपनी क्रमांक अमुक आणि अनुक्रमांक तमुक, त्याला काटा-१ हे टोपणनाव दे’, अशा धाटणीचा हा नियम असतो. सॉफ्टवेअरला ते टोपणनाव सांगायचं. मग खरं नाव बदललं तरी काम अडत नाही.

नियम लिहूनही चालत नसेल तर या गोष्टी तपासा.

• नियमाच्या फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट रूल्स’ असाच हवा. नाहीतर ती वाचलीच जात नाही.

• तुलना करताना बरोबरची दोन चिन्हं लागतात. एकच चिन्ह टाकलं की सिस्टीम तुलना करण्याऐवजी किंमत द्यायला जाते.

• टोपणनाव जोडायचं असतं, मूळ नाव बदलायचं नसतं. नेटवर्क कार्ड हा त्याला अपवाद.

• नियम बदलल्यावर ते पुन्हा लोड करायचे आणि उपकरण काढून परत लावायचं.

• दोन्ही कन्व्हर्टर सारखेच आणि अनुक्रमांक नसलेले असतील, तर एकच नियम दोघांना लागू होतो. अशा वेळी खाचेच्या जागेवरून नियम लिहावा लागतो. नाहीतर अनुक्रमांक असलेला कन्व्हर्टर घ्यायचा.

प्रत्येक वेळी नियम लिहायलाच हवा असंही नाही. ‘सिरियल बाय-आयडी’ या ठिकाणी सिस्टीमने ओळखीवरून केलेली टोपणनावं तयार असतात. डिस्कसाठी ‘यूयूआयडी’ नावाची लांबलचक पण कायमची ओळख मिळते.

नेटवर्क कार्डांचाही हाच त्रास होता. दोन कार्ड असलेल्या मशीनमध्ये पहिलं कोणतं आणि दुसरं कोणतं, हे सुरू होताना बदलायचं. २०१३ मध्ये ‘सिस्टीम-डी’ च्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्ड कोणत्या जागी बसवलंय त्यावरून नाव द्यायची पद्धत आली. तेव्हापासून ‘ईटीएच-०’ ऐवजी लांब, विचित्र नावं दिसू लागली. दिसायला किचकट असली तरी ती सहसा जागची हलत नाहीत.

थोडक्यात काय?

‘कॉन’ चं फोल्डर बनत नाही ते १९८३ मध्ये जुने प्रोग्राम बंद पडू नयेत म्हणून घेतलेल्या एका निर्णयामुळे. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर अडतं ते उपकरणाच्या ओळखीऐवजी त्याच्या तात्पुरत्या नावावर विसंबल्यामुळे.

त्यामुळे काटा असो, बिलिंगचा प्रिंटर असो की बॅकअपचा पेनड्राइव्ह, चालू स्थितीत असतानाच तीन कामं करून ठेवा. कोणती केबल कोणत्या खाचेत आहे तिथे चिकटपट्टी लावा. कॉम क्रमांक आणि बॉड रेट कागदावर लिहून तो केबिनमध्ये डकवा. आणि पुढचा कन्व्हर्टर घेताना दुकानदाराला विचारा, ‘याच्यात अनुक्रमांक आहे का?’

आणि ‘कॉन’ चा तो मेसेज पुन्हा ग्रुपवर आलाच, तर उत्तर काय द्यायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे.